गाय गाभडली तर काय करायचं: नव्या गोठेवाल्यांसाठी ब्रुसेलोसिसची माहिती, पायरी पायरीने

सातव्या महिन्यात गाय गाभडली की घरातलं पहिलं बोलणं नुकसानीचं असतं. वेत गेलं, दूध गेलं, वर्षभराचा चारा अंगावर पडला. मग कुणी म्हणतं दुसऱ्या गायीचं शिंग लागलं असेल, कुणी म्हणतं ऊन बाधलं. हे बोलणं चाललेलं असतानाच घरातली बाई उघड्या हातांनी मेलेलं वासरू उचलून पोत्यात भरते, म्हातारबा लोंबणारी जार ओढायला बसतात आणि शाळेला निघालेलं पोर शेजारी उभं राहून बघत असतं. मी पशुवैद्यक आहे. हे दृश्य इतक्यांदा पाहिलंय की आता गाभडलेल्या गायीच्या गोठ्यात शिरले की गायीआधी माणसांचे हात बघते.

त्या अर्ध्या तासात ब्रुसेला हा जिवाणू जनावरातून माणसात शिरतो. त्याने होणाऱ्या आजाराला ब्रुसेलोसिस म्हणतात. जनावरांच्या बाबतीत सांसर्गिक गर्भपात हे नाव जुन्या पुस्तकांत सापडेल. ज्यांनी नुकत्याच दोन-चार गायी किंवा म्हशी घेतल्यात, किंवा सासरी आल्यावर पहिल्यांदाच गोठा हातात आलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मुख्य सांगणं एकच: पाचव्या महिन्यानंतर गाभडलेली प्रत्येक गाय-म्हैस तपासणीचा अहवाल येईपर्यंत ब्रुसेलाची आहे असंच धरून वागा. अहवाल चांगला आला तर तुमचं काही गेलं नाही, फार तर एक हातमोज्यांची जोडी आणि थोडा चुना.

आधी आजार समजून घ्या

गायी-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस आढळतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. माणसाला दोन्ही होतात आणि शेळीकडून येणारा जास्त जोरकस असतो. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ साली माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू शोधला. पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरने दाखवून दिलं की तो बेटावरच्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतो. सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद झालं आणि त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला.

"धडधाकट दिसणाऱ्या" हे शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी फसगत तिथेच होते. बाधलेली गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला तिला चांगलं जिवंत वासरू होतं, मालक म्हणतो गाय सुधारली. पण जिवाणू तिच्या कासेत आणि लसिका गाठींत ठाण मांडून बसलेला असतो. दर विताना पाण्यातून, जारेतून आणि अधूनमधून दुधातून तो बाहेर पडत राहतो. दुसऱ्या गायी ते चाटतात, त्याने भिजलेला चारा खातात आणि त्यांनाही लागण होते. आईच्या पोटातूनच लागण घेऊन आलेली कालवड तर पहिल्या गाभणपणापर्यंत तपासणीतही सापडत नाही, असं होऊ शकतं.

गोठ्यात पाहायच्या खुणा थोड्या आहेत. शेवटच्या तिमाहीत गाभडणं, जार अडकणं, नंतर गाय वारंवार उलटणं (म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणं), वासरं अशक्त जन्मणं. कधी पुढच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ येते. वळूचे वृषण सुजतात. यातलं कुठलंच लक्षण एकट्या ब्रुसेलाचं नाही. लेप्टोस्पायरानेही गाय गाभडते, आणि तोही माणसाला लागणाराच जिवाणू आहे. म्हणून खुणा बघून नाव ठरवत बसू नका. खुणा दिसल्या की खबरदारी सुरू करा. नाव प्रयोगशाळा सांगेल.

गाय विकत घेताना

हा आजार गोठ्यात बहुतेक वेळा पैसे मोजून आणला जातो. बाजारात गाभण गाय बघताना आपण कास बघतो, सड बघतो, दात मोजतो. विचारा: किती वेतं झाली? मधे गाभडली होती का? मागच्या वेताला जार वेळेवर पडली का? विकणारा खरं सांगेलच असं नाही, म्हणून कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावर काय नोंदी आहेत ते बघून घ्या. कालवडपणी लस झाली असेल तर ती तिथे सापडायला हवी.

शक्य असेल तर सौद्याआधीच रक्त तपासा. नव्या जनावराला महिनाभर वेगळ्या दावणीला बांधा. त्याची बादली वेगळी, खराटा वेगळा. महिना संपताना पुन्हा एकदा रक्त तपासा. यात एक खाचखळगा आहे: गाभण गायीला लागण असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते आणि व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दोषी येते. त्यामुळे विकत आणलेली गाभण गाय व्याली की तिसऱ्या आठवड्यात तिची आणखी एक तपासणी करून घ्या, आणि तोवर तिचं विणं बाकीच्या गायींपासून लांब होऊ द्या.

गाभडल्यावर पहिला दिवस

इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण खरं काम इथेच आहे.

सगळ्यात आधी माणसं बाजूला करा. गरोदर बाई आणि लहान मुलं गोठ्यात नकोत. ब्रुसेलामुळे बाईचाही गर्भपात होऊ शकतो. घरातल्या एकाच माणसाने हे काम करायचं, ज्याच्या हाताला कापलेलं-खरचटलेलं नाही त्याने. ऊसतोडीचे, कोयत्याचे बारीक काप आपल्याला जखमच वाटत नाहीत, पण जिवाणूला तेवढं दार पुरतं.

मग अंगावर चढवायचं सामान: कोपरापर्यंतचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. मास्क कशाला, असं हमखास विचारतात. हा जिवाणू श्वासातूनही शिरतो. चीनमधल्या लान्चौ शहरात २०१९ साली जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यातून जिवाणू हवेत सुटले. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत ३,२४५ लोकांना लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य खात्याने जाहीर केलं. त्यांतल्या बहुतेकांनी गायीला हातही लावला नव्हता. म्हणून गोठा झाडण्याआधी जमीन जंतुनाशकाने ओली करा. कोरडा झाडू आणि जोराचा पाण्याचा फवारा दोन्ही टाळा.

आता फोन. जवळच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर लावा. ब्रुसेलोसिस हा २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीतला रोग आहे. संशय आला तरी कळवणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. कळवलं तर गाय जप्त होईल ही भीती मी गावोगाव ऐकते आणि त्या भीतीपोटी लोक रातोरात वासरू पुरून मोकळे होतात. पुरू नका, थांबा. वासराच्या पोटातला द्रव आणि जारेचा तुकडा यांतून सगळ्यात खात्रीचं निदान होतं. डॉक्टर येईपर्यंत वासरू आणि जार मोठ्या घमेल्याखाली झाकून वर दगड ठेवा, म्हणजे कुत्री ओढून नेणार नाहीत. कुत्र्याने ओढलेली जार म्हणजे आळीभर पसरलेला आजार. वासरू घरी फाडून बघू नका.

जार अडकली असेल तर हात घालू नका. पडणारी जार साधारण बारा तासांत आपसूक पडते. नाही पडली तर ते काम डॉक्टरांचं, आणि ओढून काढण्यापेक्षा औषध देऊन वाट बघणं गायीलाही बरं. पन्नाशीचे एक गृहस्थ मला आठवतात. गावात कुणाचीही गाय अडली की हेच धावायचे, कारण त्यांचा हात बारीक आणि चपळ. खांद्यापर्यंत हात घालून जार सोडवायचे आणि मग ओढ्यावर नुसत्या पाण्याने हात धुऊन तंबाखू मळायचे. त्यांच्या तापाची गोष्ट पुढे येईल.

नमुने घेऊन झाले की खड्डा. निदान पाच फूट खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. वासरू, जार आणि त्याखालचं भिजलेलं गवत सगळं आत जायला हवं. वर चुना, मग माती, वर बाभळीच्या काट्या. आपल्याकडे बऱ्याच गावांत जार पोत्यात बांधून वडाला टांगायची रीत आहे. वडाला चीक भरपूर, तसं गायीला दूध यावं ही त्यामागची भावना. ती भावना मला समजते. पण टांगलेल्या पोत्यातून पाणी ठिबकतं, कावळे चोची मारतात, खाली कुत्री बसलेली असतात. वडाला हळदकुंकू वाहा आणि जार मातीत जाऊ द्या.

गाय उभी होती ती जागा शेण-गवत काढून ब्लिचिंग पावडरच्या द्रावणाने किंवा फेनॉलच्या जंतुनाशकाने भिजवा, पण दोन्ही एकत्र कधीच करू नका. शेणाच्या थरावर ब्लिचिंग टाकलं तर वाया जातं, म्हणून आधी जागा साफ, मग औषध. ओल्या, सावलीतल्या जागी हा जिवाणू महिनोन्महिने टिकतो. कडक उन्हात काही तासांत मरतो. ऊन येईल अशी सोय करता आली तर फुकटचं जंतुनाशक मिळालं. शेवटी हातमोजे उलटे करून काढा आणि त्याच खड्ड्यात टाका. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, कपडे उकळत्या पाण्यात.

गाय निदान महिनाभर, अंगावरून जाणारा स्राव पूर्ण थांबेपर्यंत वेगळी. तिची धार सगळ्यात शेवटी काढायची.

तपासणी: काय मागायचं, काय समजायचं

डॉक्टर गायीच्या मानेतून रक्त घेतात आणि त्याचं रक्तजल वेगळं करतात. पहिली चाचणी रोझ बेंगाल. पांढऱ्या फरशीवर रक्तजलाचा एक थेंब, शेजारी गडद गुलाबी रंगाच्या मेलेल्या ब्रुसेलांचा एक थेंब. काडीने दोन्ही मिसळायचे आणि फरशी हलकेच गोल फिरवत चार मिनिटं बघायचं. निर्दोष असेल तर गुलाबी रंग सायीसारखा सलग राहतो. दोषी असेल तर त्याच गुलाबीत रवा पडल्यासारखे दाणे दिसू लागतात, दूध नासतं तसं. मी हजारदा बघितलंय, तरी दाणा धरायला लागला की आजही पोटात गोळा येतो, कारण समोर उभ्या माणसाला काय सांगावं लागणार ते माहीत असतं.

दाणे दिसले तर एलायझासारख्या चाचणीने खात्री करतात. त्यासाठी नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. गाभडल्याच्या दिवशीचं रक्त निर्दोष आलं तरी निर्धास्त होऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. आणि फक्त गाभडलेल्या गायीचं देऊन थांबू नका, सगळ्या दावणीचं द्या.

ज्यांच्या दहा-वीस गायी आहेत त्यांच्यासाठी स्वस्त पहारा म्हणजे दुधाची रिंग चाचणी. गोठ्याच्या एकत्र दुधात रंगीत जिवाणूंचा थेंब टाकून नळी तासभर उबेत ठेवतात. वर चढलेल्या सायीला निळं-जांभळं कडं आलं तर गोठ्यात कुठेतरी ब्रुसेला आहे असं समजायचं. नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक किंवा दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजलेल्या गायीचं दूध त्यात मिसळलं असेल तर उगाच कडं दिसतं. ही चाचणी कळपापुरती आहे. कुठली गाय, हे रक्तच सांगतं.

गाय दोषी निघाली तर

हा सगळ्यात जड भाग आहे. जनावरात या आजारावर खात्रीचा इलाज नाही. जिवाणू पेशींच्या आत दडतो, औषधं तिथवर नीट पोचत नाहीत. काही देशांत अशी जनावरं सरकार भरपाई देऊन मारतं. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैलांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, म्हणून तो रस्ता नाही. मग उरतो तो बाजार, आणि गुपचूप बाजार दाखवणं हीच या रोगाची सगळ्यात सोपी वाहतूक आहे. तुमच्या अंगणातून गेलेली गाय दुसऱ्या कुणाच्या सुनेच्या हातात जाते. कर्ज डोक्यावर असताना हे ऐकणं किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे, तरी विनंती करते: विकू नका.

पर्याय असा आहे. तिला पुन्हा गाभण घालू नका, कारण सगळ्यात जास्त जिवाणू विताना बाहेर पडतात. वेगळी जागा, वेगळं पाणी, धार शेवटी, दूध उकळूनच. ती आधीच गाभण असेल तर विण्याच्या दिवशी वर सांगितलेली पहिल्या दिवसाची सगळी कामं जशीच्या तशी करायची, वासरू जिवंत असलं तरी. बाकीच्या गायींची तपासणी दर काही महिन्यांनी, सलग निर्दोष येईपर्यंत.

लस

गायी-म्हशींसाठी आपल्याकडे एस-१९ ही लस वापरतात. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि रेड्यांना, आयुष्यात एकदाच. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. हा कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झाला आणि त्यात लाळ-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिस आहे. कालवड जन्मली की त्याच दिवशी चार महिने पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आठ महिने उलटले की संधी गेली.

नर वासराला ही लस देत नाहीत, गाभण गायीला तर मुळीच नाही. लस जिवंत जिवाणूंची आहे आणि माणसाला टोचली गेली तर आजार होऊ शकतो. माझ्या शिकाऊपणात एक कालवड ऐन वेळी उसळली आणि सुई माझ्या अंगठ्यात गेली. वरिष्ठांनी तिथेच नळाखाली हात धरून साबण लावला आणि त्याच दुपारी डॉक्टरांकडे पाठवलं. तीन आठवडे दोन औषधं घ्यावी लागली. म्हणून लसीच्या दिवशी कालवड धरायला घट्ट हाताचा माणूस द्या, मुलांना धरायला लावू नका आणि रिकामी कुपी उकिरड्यावर राहू देऊ नका. लसीनंतर काही महिने रक्ततपासणी दोषी येऊ शकते. पुढे कधी रक्त दिलं तर लसीची तारीख सांगा.

दूध

उकळलेल्या दुधात ब्रुसेला उरत नाही. डेअरीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं तरी तो मरतो. खरवस नीट वाफवलेला असेल तर खा. धोका धारोष्ण दुधात आहे. तालमीतली पोरं अजून मानाने सडाखाली तांब्या धरतात. डेंग्यूत पेशी वाढतात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत फिरणारी शहरातली माणसंही मी पाहिली आहेत. एका तापातून उठता उठता ती दुसरा ताप विकत घेतात. शेळ्यांसाठी वरची लसमोहीम नाही, त्यामुळे तिथे उकळण्याला पर्यायच नाही.

घरात ताप आला तर

ते बारीक हाताचे गृहस्थ. संध्याकाळी ताप, रात्री घामाने अंथरूण चिंब, सकाळी बरं. आठवडाभर ताप नाही, की पुन्हा सुरू. कंबर धरलेली, सांधे दुखतात, अंगात त्राण नाही. टायफॉइड म्हणून उपचार झाले, मग मलेरिया, मग क्षयाची शंका. तीन महिने गेले. गायीगुरांचा धंदा आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही. गाय आणि आपला ताप यांचा संबंध जोडणार तरी कोण? शेवटी त्यांच्या मुलाने गायीचा अहवाल घ्यायला आल्यावर सहज वडिलांचं सांगितलं, तेव्हा धागा जुळला.

लागण झाल्यावर ताप यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, कधी दोन महिनेही. म्हणून गाय गाभडल्याची तारीख लिहून ठेवा. त्यानंतर घरात कुणाला असा चढउताराचा ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "आमच्याकडे गुरं आहेत, अमक्या तारखेला गाय गाभडली, मी जार हाताळली होती, माझी ब्रुसेलाची तपासणी करा." पुरुषांना वृषणाची सूज आली तर लाजून लपवू नका, तेही याच आजाराचं लक्षण असतं. रक्त जिवाणू वाढवून बघायला दिलं असेल तर प्रयोगशाळेलाही ब्रुसेलाचा संशय सांगा. नळी उघडणाऱ्या माणसाला त्यापासून लागण होऊ शकते.

माणसाचा आजार बरा होतो. सहसा डॉक्सिसायक्लीन सहा आठवडे, जोडीला रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं; कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, गरोदर बाईला आणि लहान मुलांना वेगळी औषधं लागतात. ताप पहिल्या दहा दिवसांतच उतरतो आणि गोळ्या तिथेच बंद केल्या जातात, मग दोन महिन्यांनी तोच ताप परत. त्या गृहस्थांच्या सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बेचाळीस दिवसांवर रोज रात्री एक फुली मारली. पहिली फुली आणि शेवटची फुली यांच्यामध्ये त्यांचं वजन सहा किलो भरून आलं. कुणाची गाय अडली की ते आजही जातात, आता खिशात मोज्यांची जोडी घेऊन, आणि आधी मला फोन करून.